पहिल्या बेसनंतरचा बेस

वाचकांचे प्रश्न : वाद्य आणि वादक

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी, तसेच गणेशोत्सवात व नवरात्रात, नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत कार्यक्रम करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. चार वर्षांपूर्वी छोटा ॲम्प, पट्टा आणि पिशवी यांच्यासह मिळणारा, शिकाऊ वादकांसाठीचा चार तारांचा बेस घेतला होता. तोच आजही वापरतो. आता तो अपुरा पडतो आहे. पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारा दाबताना बोटे भरून येतात आणि तिथले स्वर किंचित चढे लागतात. सर्वांत बारीक तारेवरचा सहाव्या फ्रेटचा स्वर लगेच विझतो. घरी आवाज ठीक वाटतो, पण कार्यक्रमात वायर थेट मिक्सरला लावली की तो कोंडल्यासारखा येतो. शिवाय आमचे मुख्य गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज धरून, गातात आणि त्या पट्टीत मला खालचा षड्ज मिळतच नाही. चाळीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. सोबतचे वादक म्हणतात, की पाच तारांचा ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प, म्हणजे संकेत वाढवणारे सर्किट, असलेला) बेस घे आणि जुना विकून टाक. काय करावे?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : तुम्ही तक्रारी सुट्या सुट्या मांडल्या, याचा मला फार आनंद झाला. वाद्य बदलण्याच्या विचारात असलेले बहुतेक वादक ‘आवाजात मजा नाही’ एवढेच लिहितात आणि ती मजा नेमकी कुठे अडली आहे हे न शोधता दुकान गाठतात. तुमच्या चार तक्रारींपैकी पहिली दुरुस्त होण्याजोगी आहे, दुसरी त्या नेकचा, म्हणजे दांड्याचा, स्वभाव आहे, तिसरी तुमच्या बेसची नाहीच, आणि चौथी, म्हणजे काळी एकची, हे तुमच्यासाठी नवा बेस घेण्याचे खरे कारण आहे.

बोटे भरून येणे आणि पहिल्या फ्रेटवर स्वर चढणे ही एकाच दोषाची दोन लक्षणे आहेत. नेकच्या टोकाला ज्या पट्टीच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात, तिला नट म्हणतात. स्वस्त वाद्यात या खाचा उथळ सोडलेल्या असतात, कारण तार उंच राहिली तर ती फ्रेटवर घासून खरखरत नाही आणि दुकानातून तक्रार येत नाही; खाच नेमकी उतरवायला कसबी हाताचा वेळ लागतो आणि तो वेळ त्या किमतीत बसत नाही. उंच तार फ्रेटपर्यंत नेताना ती जास्त ताणली जाते, ताण वाढला की स्वर चढतो, आणि नटच्या अगदी जवळ असल्यामुळे याचा परिणाम पहिल्या फ्रेटवर सर्वाधिक जाणवतो. तपासणे सोपे आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहा. ती केसभरच असायला हवी. ठळक फट दिसली, तर दोष तिथेच आहे.

नटला हात लावण्याआधी नेकचा बाक पाहून घ्यावा. तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली, की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे एखाद्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. ती जास्त असेल तर नेकमधील लोखंडी ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने किंचित आवळतात, पण एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक नाही, आणि मग पुन्हा सूर लावून, थोडा वेळ जाऊ देऊन पाहायचे. त्यानंतर ब्रिजवरून, म्हणजे बॉडीवर तारांचे दुसरे टोक टेकते त्या भागावरून, तारांची उंची ठरवावी; सतराव्या फ्रेटपाशी २ ते २.५ मिलिमीटर ही बहुतेकांच्या हाताला मानवणारी उंची आहे. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता हलका स्पर्श करून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर यांची ट्यूनरवर तुलना करावी. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तार टेकते तो सरकता तुकडा, मागे न्यावे, उतरलेला असेल तर पुढे आणावे. हे सगळे नव्या तारांवर करायचे असते, आणि चार वर्षांत तुम्ही तारा बदलल्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. ४५ ते १०५ जाडीचा (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात) एक साधा संच चढवून पाहा, वाद्य बदलल्यासारखे वाटेल. नटच्या खाचा मात्र स्वतः घासू नका, ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्या, कारण खाच जास्त उतरली तर नवा नटच बसवावा लागतो.

आपल्या नाशिकच्या हवेत ही तपासणी वर्षातून निदान दोनदा व्हायला हवी. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, थंडीत आणि फाल्गुनापुढच्या कोरड्या उन्हात ती सोडते, आणि नेकचा बाक त्याप्रमाणे हलत राहतो. महाग वाद्यही याला अपवाद नसते, त्यामुळे ही कला आज जुन्या बेसवर शिकलात तर उद्या नव्यावर कामी येईल.

सहाव्या फ्रेटवर विझणारा स्वर मात्र सेटअपने, म्हणजे वर सांगितलेल्या जुळवाजुळवीने, पूर्णपणे जाणार नाही. प्रत्येक नेकला स्वतःची एक कंपनसंख्या असते. तारेचा एखादा स्वर नेमका तिच्याशी जुळला, की तारेतली ऊर्जा नेकच शोषून घेते आणि स्वर अकाली मावळतो. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास अशी मृत जागा नामांकित वाद्यांतही आढळते. तिथल्या स्वराला पर्याय आहे, कारण त्या तारेचा सहावा फ्रेट आणि तिच्या शेजारच्या तारेचा अकरावा फ्रेट एकच स्वर देतात. नवा बेस निवडताना मात्र ही जागा कान देऊन ऐकावी. लाकूड नैसर्गिक असल्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन नगांतही हा फरक असतो.

आता मिक्सरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कितीतरी बेसवादक वर्षानुवर्षे याच कारणाने आपल्या वाद्याला दोष देत आले आहेत. तुमच्या बेसमधला पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले, केसासारख्या तारेचे हजारो वेढे; त्यातून निघणारा संकेत क्षीण असतो आणि त्याला पुढे सुमारे दहा लाख ओहम अवरोधाचा इनपुट लागतो. तुमच्या घरच्या ॲम्पचा इनपुट तसा असतो, म्हणून घरी आवाज मोकळा येतो. मिक्सरचा साधा लाइन इनपुट मात्र दहा हजार ओहमच्या आसपास असतो. त्याला बेस थेट जोडला, की तो पिकअपवर भार टाकतो, त्यात वरचे स्वरांश आधी गळून पडतात आणि उरतो तो कोंडलेला आवाज. यावर उपाय म्हणजे बेस आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा संकेत मिक्सरला जुळेल असा करून देणारी छोटी पेटी, लावणे. तुमच्या बेससारख्या पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणाऱ्या, वाद्याला ॲक्टिव्ह प्रकारचा डीआय अधिक योग्य. तो मिक्सरकडून केबलमधूनच मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पुरवठ्यावर किंवा बॅटरीवर चालतो. लांब केबलमधून जाताना खरखर न पकडणारा संकेत मिळतो, हा त्याचा दुसरा लाभ. काही मिक्सरवर एखाद्या चॅनेलला हाय-झेडचे (जास्त अवरोधाच्या इनपुटचे) बटण असते. पुढच्या कार्यक्रमात साउंडवाल्यांना विचारून तो चॅनेल मागून घ्या आणि एक पैसाही न खर्चता फरक ऐका. ॲक्टिव्ह बेस घेतल्यावर आवाज सुधारला, असे तुमचे सोबती सांगतात ते खोटे नाही. त्यातला प्रीॲम्प हेच काम वाद्याच्या आत करतो. पण हा लाभ त्यांना वाद्याच्या दर्जामुळे झाला असे वाटते, ते मला पटत नाही.

राहिली काळी एक. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार पांढरी तीनला लागते, तिची कंपनसंख्या ४१.२ हर्ट्झ. काळी एकचा षड्ज तुम्हाला जाड तारेशेजारच्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर, म्हणजे ६९.३ हर्ट्झवर मिळतो. त्याच्या खालच्या सप्तकातला षड्ज ३४.६ हर्ट्झचा, आणि तो तुमच्या वाद्यात नाही. गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गात असताना ओळ संपून समेवर येते, तेव्हा बेसने खाली उतरून षड्जावर बसावे अशी कानाची अपेक्षा असते, आणि तिथे तुम्हाला दर वेळी वर उडी मारावी लागते. ही अडचण सेटअपने किंवा डीआयने सुटत नाही. जाड तार उतरवून पांढरी दोनपर्यंत जाता येते, त्याखाली ती सैल पडून सूर डळमळतो. पाच तारांच्या बेसची जादा तार पांढरी सातला, ३०.९ हर्ट्झला लागते, आणि काळी एक तिच्या दुसऱ्या फ्रेटवर, तर काळी दोन चौथ्या फ्रेटवर अगदी हाताखाली येते. भारतीय गायकांच्या साथीला बसणाऱ्या वादकासाठी पाचवी तार हा माझ्या मते डामडौल नाही, ती गरज आहे. म्हणून पाच तारांचा बेस घेण्याचा तुमच्या सोबत्यांचा सल्ला मला मान्य आहे.

पण पाच तारांच्या स्वस्त बेसमध्ये सर्वांत आधी तडजोड होते ती याच तारेवर. नेक पुरेशी ताठ नसेल, तर ती तार दोरीसारखी लुळी वाजते, स्वर कुठे सुरू झाला तेच कळत नाही. बहुतेक बेसची तार नटपासून ब्रिजपर्यंत ३४ इंच असते. काही कंपन्या पाच तारांसाठी ती ३५ इंच ठेवतात, त्याने ताण वाढून जाड तार सावरते, मात्र हात थोडा अधिक ताणावा लागतो. दुकानात सोलो वाजवून भारावून जाऊ नका. पाचव्या तारेचे पहिले चार फ्रेट सावकाश वाजवा, प्रत्येक स्वर चार मात्रा धरून ठेवा आणि तेच स्वर शेजारच्या तारांवर वाजवून वजन सारखे राहते का ते ऐका. नाशिक ढोलावर वाढलेल्या आपल्या कानांना खालचा आवाज म्हणजे अंगावर येणारा आवाज हवा असतो, पण मंडपातल्या साध्या स्पीकरमध्ये ४५-५० हर्ट्झच्या खाली आवाज सहसा झपाट्याने उतरतो. अशा वेळी वरच्या स्वरांशांवरून कान मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. त्यामुळे खालच्या स्वरावरही स्वरांश स्वच्छ देणारा पिकअप हा निव्वळ घुमणाऱ्या पिकअपपेक्षा तुमच्या अधिक उपयोगाचा आहे.

पिकअपची निवड करताना जनरेटरवर आणि दिव्यांच्या माळांखाली होणारे आपले कार्यक्रम डोळ्यांसमोर ठेवा. एकेरी वेढ्याचा पिकअप विजेची गुणगुण पकडतो, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ती गुणगुण जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या ४९ हर्ट्झच्या पांढरी पाचला अगदी चिकटून, बेसच्याच मुलखात येऊन बसते. फेंडर कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला आणि १९५७ साली त्याचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला, तेव्हा ते दोन तुकडे एकमेकांची गुणगुण खोडू लागले. १९६०च्या जॅझ बेसच्या नंतरच्या आणि आजच्या बहुतेक प्रतींत दोन पिकअप उलट वेढ्यांचे असतात, त्यामुळे दोन्हींचे आवाज सारखे ठेवले तरच गुणगुण जाते, एकच उघडला तर परत येते. हंबकर, म्हणजे दोन वेढ्यांनी गुणगुण खोडणाऱ्या, पिकअपला हा त्रास नाही. ॲक्टिव्ह बेस घेतलात तर त्यात सहसा ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते. मध्यंतरात केबल काढण्याची सवय लावा आणि पिशवीत एक नवी बॅटरी ठेवा. पॅसिव्हवर वाजवण्याची कळ असलेला बेस मिळाला तर उत्तम, म्हणजे बॅटरी संपली तरी कार्यक्रम थांबत नाही.

माहितीपत्रकातील लाकडांच्या नावांनी मात्र बुजून जाऊ नका. फ्रेट ज्या पट्टीवर बसवतात ती कित्येक दशके आपल्याकडच्या शिसवाची असे. २०१७ मध्ये शिसवासह त्या जातीच्या वृक्षांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि कंपन्यांनी इतर लाकडे वापरली; २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी ती लाकडे टिकून राहिली. त्यांतले ‘इंडियन लॉरेल’ म्हणजे सह्याद्रीत सर्वत्र दिसणारा आपला ऐन. ऐनाची पट्टी आहे म्हणून बेस हलका ठरत नाही. फ्रेटची टोके नेकच्या कडेने हात फिरवताना बोचत नाहीत ना, हे पाहणे त्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे.

तुमच्या रकमेत यामाहा, आयबानेझ, कोर्ट, स्क्वायर यांचे नवे किंवा थोडे वापरलेले बेस पाहता येतील. नाशिकच्या दुकानांत गिटार आणि कीबोर्ड पुष्कळ असतात, पण पाच तारांचे तीन-चार बेस एका वेळी हातात घेऊन तुलना करायची असेल तर मुंबईला एक फेरी मारावी. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, आणि धोबीतलावचे फुर्टाडोज हे १८६५ पासूनचे दुकान स्टेशनपासून पायी जाण्याइतके जवळ आहे. आपली केबल आणि ट्यूनर सोबत न्या. प्रत्येक बेसवर तुमच्या कार्यक्रमातले एकच गाणे, एकाच ॲम्पवर आणि सारख्याच आवाजात वाजवा, कारण थोडा मोठा वाजणारा बेस कानाला चांगला वाटतो आणि फसगत होते. किमतीची चिठ्ठी आधी पाहू नका. पट्टा लावून पंधरा मिनिटे उभे राहून वाजवा; चार किलोंच्या पुढचा बेस दुकानात जड वाटत नाही, नवरात्रातल्या तिसऱ्या तासाला वाटतो. हात सोडल्यावर नेक जमिनीकडे झुकत असेल, तर तो बेस कितीही गोड वाजला तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

वापरलेला बेस घेण्यात कमीपणा नाही, पण तो दिवसाउजेडीच पाहावा. काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या वादकाकडून संध्याकाळी घाईघाईत बेस घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी नेकवरून नजर टाकली तेव्हा ती एका बाजूला पिळलेली दिसली. ट्रस रॉड बाक काढतो, पीळ काढत नाही, आणि तो पैसा माझा कायमचा गेला. म्हणून आधी ब्रिजच्या बाजूने नेकच्या दोन्ही कडा डोळा लावून पाहा, मग ट्रस रॉड चावीने दोन्हीकडे थोडा हलतो याची मालकासमोर खात्री करून घ्या, आणि मग प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट हळू वाजवून ऐका. त्यानंतर रंग आणि ओरखडे पाहिलेत तरी चालेल.

चाळीस हजारांपैकी डीआय बॉक्स, जाड अस्तराची पिशवी, तीन इंच रुंदीचा पट्टा, तारांचा एक जादा संच आणि नव्या बेसचे सेटअप यांसाठी सहा-सात हजार आधीच वेगळे काढा आणि उरलेल्या रकमेतच बेस शोधा. जुना बेस विकू नका. शिकाऊ वाद्याला परत फारसे मोल येत नाही, पण नट आणि तारा नीट करून तो गाडीत ठेवलात, तर भर कार्यक्रमात तार तुटल्यावर तो तुमची अब्रू राखील.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी दोन वर्षे बेस शिकते आहे. तिची प्रगती पाहून आता चांगला बेस घेऊन द्यावा असे वाटते, पण सध्याच्या बेसवर तिचे डावे मनगट दुखते. ३० इंची बेस घ्यावा असे मनात आहे; तिचे शिक्षक म्हणतात, की तो लहान मुलांचा असतो, सवय ३४ इंचाचीच हवी. कोणाचे ऐकावे?
— एक पालक, नाशिकरोड

उत्तर : शिक्षकांचा हेतू चांगला आहे, पण ३० इंची बेस हे खेळणे नव्हे. पॉल मॅकार्टनी यांचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस साधारण याच लांबीचा आहे आणि त्यावर त्यांनी सारे जग फिरून कार्यक्रम केले. फरक मोजून सांगतो. ३४ इंची नेकवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे १७.८ सेंटिमीटर असते, ३० इंचीवर ते १५.७ होते. वाढत्या वयाच्या हाताला हे दोन सेंटिमीटर दर मिनिटाला जाणवतात, आणि दुखरे मनगट घेऊन केलेल्या सरावातून चुकीची बैठकच पक्की होते. ३४ इंचाचा हट्टच असेल, तर नटपाशी ३८ मिलिमीटर रुंदीची, जॅझ बेस पद्धतीची अरुंद नेक आधी तिच्या हातात देऊन पाहा आणि पट्टा आखूड करून बेस थोडा उंच धरायला सांगा. पुष्कळदा मनगटाचा कोन तेवढ्याने सरळ होतो. तरीही दुखले, तर निःशंकपणे ३० इंची घ्या. त्याची जाड तार थोडी सैल वाटेल, तिथे एक पायरी जाड तार चढवावी. तारा घेताना पाकिटावर ‘शॉर्ट स्केल’ लिहिलेले पाहूनच घ्या, कारण मोठ्या बेसची तार कापून बसवली तर तिचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तिथेच ती उकलते किंवा तुटते.